फर्मवेअरचं कोटेशन कसं काढायचं (पंप स्टार्टरच्या हिशोबासकट)

"बोर्ड मला १४०० ला पडतोय, प्रोग्रॅमचे किती? पाच हजार धरू का?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग पण येत नाही. विचारणारा माणूस वाईट नसतो, एमआयडीसीत छोटंसं युनिट असतं त्याचं, पॅनल नाहीतर स्टार्टर बनवतो, रिले कितीला, कॉन्टॅक्टर कितीला, पत्र्याच्या डब्याचं पावडर कोटिंग किती, सगळं तोंडपाठ. प्रोग्रॅम, म्हणजे चिपमध्ये चढवलेलं फर्मवेअर, त्याला हातात धरता येत नाही, वजन करता येत नाही, मग तो अंदाजाने पाच हजार म्हणतो. आणि खरं सांगायचं तर निम्मी चूक आपलीच असते, कारण आपण कोटेशनमध्ये "फर्मवेअर डेव्हलपमेंट, १ नग, रु. अमुक" अशी एकच ओळ टाकून मोकळे होतो, मग घासाघीस पण त्या एका ओळीवरच होणार ना.

तर नोकरी सोडून नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेल्यांसाठी, किंवा दिवसा नोकरी आणि रात्री प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, मी हिशोब कसा काढतो ते सांगतो. एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ, शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर. यातले रुपये आणि तास उदाहरणापुरते धरलेत, तुमचे तुम्ही टाका, रीत तीच राहील.

पहिल्या दिवशीच्या डेमोपासून सावध राहा

मोबाइल स्टार्टर गावाकडच्यांना माहितीच आहे. शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, पूर्वी बॅटरी घेऊन विहिरीवर जायला लागायचं, विंचू-सापाची भीती, आता घरून मिस्ड कॉल नाहीतर एसएमएस केला की मोटार चालू. बाहेरून बघणाऱ्याला काम एवढंच दिसतं, मेसेज आला की रिले ओढायचा. आणि हे खरंच एका दिवसात होतं, आर्डुइनो घ्या, जीएसएम मॉड्यूल (सिम घालायचा मोबाइलचा पार्ट) घ्या, नेटवरचा कोड टाका, संध्याकाळी पार्टीसमोर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर, टेबलावर बल्ब लावून दाखवा. पार्टी खूश. आणि पार्टीच्या डोक्यात त्या क्षणी बसतं की काम झालं, आता राहिलं ते किरकोळ.

म्हणून मी पहिल्या भेटीत बल्ब लावून दाखवत नाही. वही काढतो, पानाच्या मधोमध रेघ मारतो, डावीकडे पार्टी सांगेल ती फीचर्स, आणि प्रत्येक फीचरसमोर उजवीकडे एकच प्रश्न, "आणि तसं झालं नाही तर?"

मोटार चालू करायची. आणि एक फेज गेलेला असेल तर? होल्टेज ३०० पर्यंत खाली आलं असेल तर? फेज उलटे जोडले गेले तर, डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) वायरमनने काम केलं की होतं असं. विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटार कोरडी फिरली तर किती सेकंदात बंद करायची, आणि बंद केल्यावर पाणी भरायला किती वेळ थांबून परत चालू करायची? शेतकऱ्याने मेसेज केला पण सिमचा बॅलन्स संपलाय, उत्तर जात नाही, मग त्याने चार वेळा मेसेज केला आणि चारही एकदम आले तर? सेटिंग सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर? शेतकऱ्याने नंबर बदलला तर नवीन नंबर कोण नोंदवणार, आणि शेजाऱ्याने मुद्दाम मेसेज केला तर?

डावी बाजू सात-आठ ओळींत संपते, उजवी बाजू दुसऱ्या पानावर जाते. फर्मवेअरचे पैसे मुख्यतः या उजव्या बाजूचे असतात, आणि ही वही मी पार्टीसमोरच लिहितो, एकट्याने घरी बसून लिहीत नाही, कारण निम्मे "तसं झालं नाही तर" पार्टीलाच माहिती असतात, त्याने पदरचे पैसे घालून शिकलेले असतात. एकाने मला असंच बोलता बोलता डीपीचं सांगितलं. लाइट आली की ऑटो स्विचवाल्या सगळ्या मोटारी एकाच सेकंदाला उठतात, होल्टेज बसतं, डीपी जळते, मग आठ-पंधरा दिवस सगळेच बसा. महावितरण ऑटो स्विच वापरू नका म्हणून सांगत असतं ते याचसाठी. आता याला उपाय फर्मवेअरमध्ये आहे, लाइट आल्यावर लगेच चालू करायचं नाही, प्रत्येक स्टार्टरने आपापला वेगळा वेळ थांबायचं, कोणी ४० सेकंद, कोणी ३ मिनिटं. बोर्डवर एक रुपयाचा पार्ट वाढत नाही.

पण इथेच गंमत बघा. नवखा माणूस रँडम फंक्शन वापरेल आणि त्याला सीड (ज्यावरून पुढचे आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा) द्यायला विसरेल, किंवा सगळ्यांना एकच सीड देईल. मग दोनशे स्टार्टर एकच "रँडम" आकडा काढणार आणि दोनशेच्या दोनशे मोटारी बरोबर ७३ व्या सेकंदाला एकदम उठणार. टेबलावर एकच बोर्ड असतो, तिथे हे कधीच दिसत नाही. एसटीएम३२ चिपमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा ९६ बिटचा आयडी असतो, त्यातून सीड काढला की झालं. पाच ओळींचा कोड. या पाच ओळींचे किती घ्यायचे? ओळींवर पैसे मोजणाऱ्याला हे गणित कधीच सुटणार नाही, म्हणून ओळींवर मोजू नका, कोणी "किती लाइनचा प्रोग्रॅम आहे" विचारलं तरी विषय बदला.

तास लिहा, आणि न दिसणारे तास आधी लिहा

आता वहीवरून तास. माझा असा एक अंदाज बघा: मोटारीचं चालू-बंद आणि सगळी प्रोटेक्शनं ४० तास. होल्टेज-करंट मोजणं आणि त्याचं कॅलिब्रेशन ५०. जीएसएम ९०, हो नव्वद, कारण मॉड्यूल कधी उत्तर देतं, कधी अर्धं देतं, कधी नेटवर्कवरून पडतं आणि सांगत पण नाही. एसएमएसच्या कमांड, नंबर नोंदणी, मराठीतले रिप्लाय ३०. सेटिंग आणि रीडिंग सेव्ह करणं २५. बूटलोडर (नवीन प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) आणि लांबून अपडेट ६०. फॅक्टरीत बोर्ड तपासायचा टेस्ट जिग आणि त्याचं फर्मवेअर ३०. शेतावरची ट्रायल ६०. कागदपत्रं, वायरिंगची माहिती, कमांडची यादी २०. बेरीज ४०५ तास.

यातलं "सेव्ह करणं २५ तास" बघून पार्टी हमखास हसते, सेव्ह करायला २५ तास? तेव्हा हे सांगा. एसटीएम३२ एफ१०३ सारख्या चिपच्या फ्लॅशला (आतल्या मेमरीला) एकाच जागी १०,००० वेळा लिहायची गॅरंटी असते. मोटार किती चालली ते दर मिनिटाला सेव्ह करायचं ठरवलं आणि मोटार दिवसाला ८ तास चालली तर दिवसाला ४८० वेळा लिहिलं, म्हणजे साधारण २१ दिवसांत गॅरंटी संपली. चिप त्या दिवशी लगेच मरत नाही, पण आता ती मेली तर तक्रार कोणाकडे करणार. टेस्लासारख्या कंपनीचं सुद्धा हे झालंय, गाडीतल्या ८ जीबीच्या मेमरीवर सतत लिहून लिहून ती झिजली, स्क्रीन बंद पडायला लागले आणि २०२१ मध्ये अमेरिकेत साधारण १ लाख ३५ हजार गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. तर जागा बदलत बदलत लिहायचं, लाइट जाताना कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर शेवटचं एकदाच लिहायचं, अर्धवट लिहिलं गेलं तर जुनी कॉपी उचलायची, याला २५ तास लागतात. मला तर कमीच वाटतात.

ट्रायलचे तास मात्र कोणीच धरत नाही, मी पण पहिली चार वर्षं धरले नव्हते. जतच्या पुढे कुठेतरी एका विहिरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं, रेंज एका कोपऱ्यात येते एका कोपऱ्यात नाही, लाइट रात्री अकराला येणार म्हणून शेतकऱ्याच्या घरी जेवायचं (जेवण मात्र झकास असतं). हे सगळे कामाचेच तास आहेत, लिहायचे.

तासाचा दर

मित्र किती घेतो ते विचारून दर ठरवू नका. स्वतःचा काढा. घरखर्च, हप्ते, थोडी बचत मिळून समजा महिना ७०,००० लागतात. जागा, इंटरनेट, लॉजिक अ‍ॅनालायझर-स्कोप या तपासायच्या यंत्रांची झीज, जळलेले बोर्ड, विमा, सीएची फी याचे १५,००० धरा. झाले ८५,०००. आता महिन्यात काम किती तासांचं होतं? २०० म्हणाल तर फसाल. फोन, कोटेशन, लॅमिंग्टन रोडवरच्या पार्टची वाट बघणं, जुन्या पार्टीचं "फक्त पाच मिनिटं" हे सगळं काढलं की हातात १२० उरतात. ८५,००० भागिले १२०, म्हणजे ७०८. आपण ७०० धरू. हा तुम्ही जिवंत राहायचा दर आहे, नफा त्याच्यावर, टॅक्स वेगळा, जीएसटी नंबर असेल तर १८ टक्के वरून.

४०५ गुणिले ७०० म्हणजे २,८३,५००.

हा आकडा असाच्या असा पार्टीला दाखवलात तर चहा अर्धा ठेवून उठेल तो. पाच हजारांवर मनाने आलेला माणूस आहे. मला एकाने तोंडावर सांगितलं होतं की कॉलेजचा पोरगा फायनल इयरच्या प्रोजेक्टसारखं आठ हजारात करून देतो, आणि आता नवीन एक आलंय की एआय फुकट लिहून देतो ना. देतो की, डावी बाजू चांगली लिहून देतो, मी पण वापरतो. पण उजवी बाजू त्याला कोणीतरी सांगावी लागते आणि विहिरीवर तो येत नाही.

आकडा नगावर वाटून दाखवा

पार्टी नगात विचार करते, तुम्ही पण नगातच बोला. पहिल्या दोन वर्षांत किती स्टार्टर विकायचा विचार आहे ते विचारा, आणि जे सांगेल त्याचं निम्मं धरा, सगळेच जास्त सांगतात. ५०० नग म्हणाल तर फर्मवेअर नगाला ५६७ रुपये. २,००० नगांवर १४२. ५,००० वर ५७ च्या आत. १४०० च्या बोर्डवर १४२ रुपये म्हटलं की तोच माणूस शांतपणे ऐकतो, कारण तेवढं तर तो डबा आणि केबल ग्लँडमध्ये घालतो.

इथेच खरी जागा आहे हो-नाही ठरवायची. ५०० नग पण जाणार नसतील तर हे प्रॉडक्ट फर्मवेअर नव्याने लिहून करूच नये, बाजारातला तयार स्टार्टर घेऊन आपलं स्टिकर लावून विकावा, आणि हे मी पार्टीला स्पष्ट सांगतो. दोन कामं गेली माझी असं सांगून. त्यातला एक नंतर तीन वर्षांनी दुसरं मोठं काम घेऊन आला, तो योगायोग असेल, पण आला.

काही जण म्हणतात सुरुवातीला पैसे नकोत, नगाला ५० रुपये देतो. ऐकायला गोड वाटतं. पण किती नग गेले हे तुम्हाला कळणार कसं? आणि प्रॉडक्ट नाही चाललं तर तुमचे ४०५ तास पाण्यात, धंद्याची रिस्क त्याची आणि पैसे तुमचे. मला विचाराल तर निदान तुमचा जिवंत राहायचा दर आधी रोख घ्या, वरचा नफा हवं तर नगावर घ्या.

किंमत सांगून झाली, आता किंमत काय वाचवते ते

आता तो ६० तासांचा लांबून अपडेट. ७०० ने ४२,०००. पार्टी सगळ्यात आधी यालाच कात्री लावते, "एकदा प्रोग्रॅम नीट केला की परत कशाला बदलायचा". याला उत्तर म्हणून माझीच फजिती सांगतो.

मिलीसेकंद मोजणारा ३२ बिटचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि परत शून्यापासून सुरू होतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. मी पण वाचलं होतं. तरी एका ठिकाणी मी "आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी झाली का" असं तपासलं, खरं तर आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून तपासायचं असतं, मग काउंटर उलटला तरी वजाबाकी बरोबर येते. आता योग असा जुळावा लागतो की ठरलेली वेळ काउंटर भरायच्या जरासा आधीची, आणि नेमका तेव्हाच प्रोग्रॅम जीएसएमच्या उत्तराची वाट बघत तीन-चार सेकंद अडकलेला, तेवढ्यात काउंटर शून्यावर. मग ती ठरलेली वेळ पुढचे ४९ दिवस येतच नाही. स्टार्टर जिवंत, मेसेजला उत्तर देतो, फक्त मोटार काही परत चालू करत नाही, "वेळ झाली नाही" म्हणून बसून राहतो. वॉचडॉग (लटकलेला प्रोग्रॅम आपोआप परत सुरू करणारा टायमर) पण काही करत नाही कारण प्रोग्रॅम लटकलेला नसतो, तो फिरतच असतो.

तुम्ही म्हणाल लाइट तर रोज जाते, काउंटर रोज शून्य होत असेल. नाही होत, कारण आत बॅकअप बॅटरी असते, लाइट आली-गेली हा मेसेज पाठवायला. टेबलावर मात्र मी रोज संध्याकाळी स्विच बंद करून घरी जायचो, त्यामुळे माझ्याकडे तो बोर्ड कधी एका दिवसावर जगलाच नाही. बोईंग ७८७ चं असंच काहीसं होतं, जनरेटर कंट्रोलचा काउंटर २४८ दिवस सलग चालला की भरायचा आणि जनरेटर बंद व्हायची शक्यता, २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने) विमानाची पॉवर मधूनमधून बंद-चालू करा असा आदेश काढला. आमच्याकडे टेक्निशियनने तोच शोध लावला होता, "बॅटरी काढून लावली की चालतं साहेब".

पण ती बॅटरी काढून लावायला माणूस मोटारसायकलवर जातो. एका फेरीचे पेट्रोल, पगार, अर्धा दिवस मिळून ७०० रुपये धरा. २,००० स्टार्टर शेतात असतील आणि सगळ्यांचा प्रोग्रॅम बदलायचा असेल तर १४ लाख. चौदा लाखांसमोर बेचाळीस हजार. हा आकडा मी कागदावर लिहून पार्टीकडे सरकवतो आणि गप्प बसतो, आतापर्यंत त्यानंतर लांबून अपडेटला कात्री लागलेली नाही. अर्थात सगळीकडे हे लावू नका, दारात लावायची बेल असेल, शंभर नग असतील आणि बिघडली तर बदलून देता येत असेल तर अपडेटची काही गरज नाही, तिथे ते ६० तास लावणं म्हणजे पार्टीला लुटणं आहे.

हेच गणित पार्टवर पण करा, दोन्ही बाजूंनी. फेजचा क्रम ओळखायचं वेगळं सर्किट काढून तेच काम टायमरने फर्मवेअरमध्ये केलं आणि बोर्डमागे ३० रुपये वाचले, तर ५,००० नगांवर दीड लाख वाचतात, ६० तासांचे ४२,००० घ्या आणि खुशाल करा. पण नग १०० असतील तर ३,००० वाचवायला ४२,००० घालणार का? उलटं पण होतं. पार्टी हट्ट धरते की ६४ केबीचीच चिप वापरा, १२८ ची २० रुपयांनी महाग आहे. ३०० नगांवर ६,००० वाचणार आणि तुम्ही ८० तास कोड पिळून पिळून बसवणार, म्हणजे ५६,०००. मोठी चिप घ्या म्हणून सांगा. आपल्याला कोड पिळण्यात मजा येते हे मान्य, पण ती मजा आपल्या वेळात.

चिप बदलली की परत पैसे

२०२१ चा चिपचा दुष्काळ आठवतो? एफ१०३ मिळेना, मिळाली तर कितीतरी पट भावाने. तेव्हा एका पार्टीने मला न विचारता बाजारातून "सेम टू सेम" चिप उचलल्या. पिन त्याच, प्रोग्रॅम पण चढला, बोर्ड चालू, फक्त जीएसएम मॉड्यूल उठेना. दोन रात्री घालवल्यावर कळलं की आत जीडी३२ सारखी क्लोन आहे, ती फ्लॅशमधून कोड जास्त वेगाने पळवते, आणि जुन्या कोडमध्ये मॉड्यूलचं पॉवर बटण एक सेकंदाच्या वर दाबून धरायची वेळ मी रिकाम्या लूपने मोजलेली होती. लूप लवकर संपला, बटण अर्धवट दाबलं गेलं. चूक माझी पण होती, वेळ टायमरने मोजायला हवी होती, म्हणून तेव्हा पैसे मागता आले नाहीत. पण तेव्हापासून कोटेशनमध्ये चिपचा, जीएसएम मॉड्यूलचा पूर्ण पार्ट नंबर लिहितो आणि खाली एक ओळ, यातलं काही बदललं तर पोर्टिंग (कोड नवीन पार्टवर बसवणं) आणि परत टेस्टिंगचे तास वेगळे.

मॉड्यूलचं तर हमखास होतं. टूजीचं स्वस्त मॉड्यूल घालून स्टार्टर विकले, आणि जिओ टूजी चालवतच नाही, मग शेतकऱ्याच्या घरातलं चालू सिम त्यात चालत नाही, की आता फोरजी मॉड्यूल घाला. पार्टीला वाटतं मॉड्यूल बदललं म्हणजे फ्यूज बदलल्यासारखं. अहो, मॉड्यूलला द्यायच्या एटी कमांड वेगळ्या, बूट व्हायला वेळ वेगळा, करंट वेगळा, ते ९० तास परत अर्धे तरी लागतात.

याचसाठी वर्षाचं मेंटेनन्स वेगळं लिहा. मी १५ टक्के सांगतो, इथे ते साधारण ४२,५००. त्यात काय येतं ते लिहा, माझ्या चुका पहिलं वर्ष फुकट, नवीन फीचर मेंटेनन्समध्ये येत नाही. चूक कोणती आणि फीचर कोणतं यावर भांडण होतंच, तेव्हा ती वही कामाला येते, जे वहीत होतं आणि चालत नाही ती चूक, जे वहीत नव्हतं ते फीचर. वहीच्या पानाचा फोटो काढून त्याच दिवशी पार्टीला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.

सोर्स कोड कोणाचा

यावर सगळ्यात जास्त गैरसमज. पार्टी म्हणते पैसे मी दिले, कोड माझा. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो (आईला सांगितलं मी साहित्यिक आहे, विश्वास नाही बसला). नोकरीत लिहिलेला कोड, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा. पण बाहेरून काम घेऊन लिहिलात तर लेखी देईपर्यंत तो तुमचा, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हे पार्टीला पण सांगा, तिच्या फायद्याचं आहे. मी वकील नाही, मोठं काम असेल तर एकदा वकिलाला कागद दाखवा.

व्यवहारात मी दोन भाव देतो. फक्त हेक्स फाइल (चिपमध्ये चढवायची तयार फाइल, वाचून बदलता येत नाही अशी) हवी तर २,८३,५००. सोर्स आणि सगळे हक्क हवेत तर त्याच्या दीडपट, कारण मग जीएसएमचा तोच कोड मला पुढच्या पार्टीला वापरता येत नाही. मधला मार्ग पण निघतो, माझ्या जुन्या लायब्ररी माझ्याच राहतील, वापरायची परवानगी कायमची, स्टार्टरचं लॉजिक तुमचं. नेटवरून उचललेला कोड असेल तर त्याचं लायसन्स बघून घ्या, फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपची ऑपरेटिंग सिस्टीम एमआयटी लायसन्सवर आहे, तिथे अडचण नाही, पण कुठला जीपीएल कोड (ज्याच्यात मिसळलेला आपला कोड पण खुला करावा लागतो असं लायसन्स) मिसळलात तर "सगळे हक्क तुमचे" असं सही करून देताना हात थरथरला पाहिजे.

कॉपी होईल ही भीती खरी आहे. रीड प्रोटेक्शन (चिपमधला कोड बाहेर वाचता येऊ नये म्हणून कुलूप) लावा, टेस्ट जिगमध्येच ते आपोआप लागेल असं करा नाहीतर फॅक्टरीतला मुलगा विसरतो. पण एफ१ सीरिजचं प्रोटेक्शन संशोधकांनी २०२० मध्ये फोडून दाखवलंय, तर त्याच्यावर फार विसंबू नका, जास्त लपवायचं असेल तर नवीन सीरिजची चिप घ्या. आणि पैसे बुडतील म्हणून फर्मवेअरमध्ये गुपचूप तारीख घालून ठेवायची, त्या दिवशी सगळं बंद, असले उद्योग करू नका. पैसे बुडवणारा एसीत बसलेला असतो, आणि उसाला पाणी मिळत नाही ते भलत्याच माणसाच्या.

पैसे येण्याचा क्रम

३० टक्के काम सुरू करताना, ३० टेबलावर सगळी उजवी बाजू चालवून दाखवल्यावर, ३० दहा स्टार्टर शेतात दोन महिने चालल्यावर, १० शेवटी कागदपत्रं आणि जिग दिल्यावर. दोन महिने का ते आता सांगायला नको, ४९ दिवस त्यात बसले पाहिजेत. पार्टी म्हणते दोन महिने फार होतात, तर काउंटर शून्याऐवजी भरायच्या दहा मिनिटं आधीपासून सुरू करायचा आणि टेबलावरच ती वेळ गाठायची, पण शेतातले दोन महिने तरी सोडू नका, पाऊस आणि विजा टेबलावर येत नाहीत.

उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट आहे, ऑनलाइन होतं. त्याचा नंबर बिलावर टाकला की कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. आणि लहान उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर ज्या वर्षी देईल त्याच वर्षी तो खर्च आयकरात धरता येतो, त्यामुळे मार्च आला की पार्टीचा सीएच त्याला तुमचं बिल भागवायला सांगतो. माझं एक अडकलेलं बिल असंच निघालं, २८ मार्चला, मी फोन पण केला नव्हता.

कोटेशनच्या तळाशी "दर ३० दिवसांपुरता" एवढं लिहायला विसरू नका. माझी एक पार्टी दोन वर्षांपूर्वीचा कागद घडी घालून पाकिटात ठेवून होती, गेल्या महिन्यात काढून दाखवला, टूजी मॉड्यूलच्या भावासकट.